‘या एकदा’ म्हणू नका, वार सांगा

पर्वरीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलं आहे. पत्रातला मुख्य भाग असा:

‘आम्ही मूळचे सावईवेऱ्याचे. मुलांची शाळा आणि यजमानांची पणजीची नोकरी यासाठी पर्वरीला फ्लॅट घेतला. घर चांगलं आहे, उजेड आहे, वारा आहे. पण घरात कोणी येत नाही. शाळेतल्या मैत्रिणी फोनवर म्हणतात, ये गो एकदा. मीही म्हणते, तुम्ही या एकदा. वरच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या की तेच म्हणतात. कोणी जात नाही, कोणी येत नाही. यजमानांना रविवारी झोपायचं असतं. मुलगा 13 वर्षांचा, मोबाईलवर असतो. मुलगी 9 वर्षांची, ती कंटाळते. कळंगुटला नेलं तर गाडी ठेवायला जागा नाही आणि पर्यटकांची ही गर्दी. बाहेरगावचे नातेवाईक म्हणतात, गोव्यात राहता, मजा आहे तुमची! मला रडू येतं. सगळ्यात वाईट वाटतं ते सासूबाईंचं. त्या 74 वर्षांच्या आहेत. गॅलरीत बसून असतात. काही विचारलं तर ‘बरी आसा’ एवढंच म्हणतात. गावात त्यांची एक जुनी मैत्रीण आहे, दोघी धालोत एकत्र गायच्या. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तेही बोलणं थांबलं. आमच्या घरात काय कमी आहे?’

ताई,

घरात काही कमी नाही. तुम्ही बोलावता ते मनापासून, याबद्दलही मला शंका नाही. पण ‘या एकदा’ म्हटल्यावर कोणी घरातून निघत नाही. कधी यायचं, जेवायला की नुसतं भेटायला, तुमचे यजमान झोपलेले असतील का, मुलांची परीक्षा असेल का, हे सगळं येणाऱ्यानेच ताडायचं. गावात हा प्रश्न नव्हता. सावईवेऱ्याला सकाळी दार उघडलं की रात्रीच लागायचं. सोप्यावर माणूस बसलेला दिसला की वाटेने जाणारा घडीभर टेकायचा, पाणी प्यायचा, दोन गोष्टी बोलून पुढे जायचा. पर्वरीला खाली रखवालदार वहीत नाव लिहून घेतो, वर दार बंद, आणि बेल वाजली की आत धावपळ. लोकांची माया आटलेली नाही. तुमचं दार कधी उघडं असतं, हे त्यांना कळायला मार्ग नाही.

म्हणून वार आणि वेळ सांगा. महिन्यातले दोन रविवार ठरवा, समजा पहिला आणि तिसरा, संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. मैत्रिणींना, शेजाऱ्यांना, यजमानांच्या कचेरीतल्या दोघा-चौघांना निरोप पाठवा: ‘पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी साडेचारनंतर आम्ही घरी असतो. चहा असेल. न कळवता आलात तरी चालेल.’ बस, एवढंच. पहिल्या रविवारी कदाचित कोणीच येणार नाही. तरी तिसऱ्या रविवारी दार उघडं ठेवा. एकदा कोणी येऊन गेलं की ती बातमी तुमच्या निरोपापेक्षा लवकर पोचते.

एक अट मात्र पाळा. जेवायला बोलावू नका. आपल्याकडे जेवण म्हटलं की हुमण आलं, तळलेली मासळी आली, एखादं तोंडाक, सोलकढी, वर गोड काहीतरी. बाई शुक्रवारपासून कामाला लागते आणि पाहुणे येईपर्यंत इतकी दमते की ते कधी जातील याची वाट पाहते. जेवून गेलेल्या मैत्रिणीच्या डोक्यावरही ओझं बसतं, आता आपल्यालाही एवढं करावं लागणार. मग ती ते करायला वेळ मिळेपर्यंत फोनही करत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत येणं-जाणं असंच बंद पडलं आहे, आणि त्यात भांडणाचा लवलेश नव्हता. पाहुणचार छोटा असला तर तो पुन्हा पुन्हा करता येतो.

चहाबरोबर गुळाचे फोव (पोहे) करा. सध्या श्रावण आहे, तेव्हा सगळ्यांना चालतील. सासूबाईंना आदोळीवर बसून नारळ खवू द्या. गुडघे धरत असतील तर ते काम मुलाला द्या आणि त्यांना शेजारी बसवा, कवटीपर्यंत खवू नकोस हे सांगायला कोणीतरी लागतंच. गूळ बारीक चिरून खोबऱ्यात हातानेच चांगला चुरडायचा, चिमूटभर मीठ, वेलची. थोड्या वेळाने गूळ विरघळतो, खोबऱ्याला रस सुटतो आणि बोटं चिकट होतात. इथे थांबायचं. पाहुण्याची बेल वाजली की मग पातळ पोहे घालून हलक्या हाताने कालवायचे. पाण्याचा थेंब नको. पोहे आधी घालून ठेवले तर मऊ होऊन गोळा होतो. कोणाला तिखट हवं असेल तर संध्याकाळी पोदेर (पाववाला) येतोच, त्याच्याकडून उंडे (गोल पाव) घ्या आणि बटाट्याची सुकी भाजी टाका. याहून जास्त काही करायचं नाही. उशांचे अभ्रे बदलायचे नाहीत, काचेचे पेले काढायचे नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या बाईंना लिफ्टमध्ये सांगू नका. वर जाऊन त्यांच्या दारात सांगा, जाताना वाटीभर काहीतरी न्या. वाटी आपल्याकडे रिकामी परत येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या वर जातील, नाताळला दोदोल खाली येईल, आणि मधल्या महिन्यांतही त्या वाटीचं जाणं-येणं चालू राहील.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच व्हायला हवी. फोव, चहा हे सगळं नंतर. म्हाताऱ्या माणसांना औषध, जेवण, देवदर्शन एवढं मिळालं की झालं असं आपण धरून चालतो. त्यांनाही मैत्रिणी असतात, हे घरातले विसरतात. तुमच्या सासूबाई ज्या बाईबरोबर पौषातल्या रात्री मांडावर समोरासमोरच्या रांगांत उभं राहून धालो गायल्या, तिच्याशी त्यांचं नातं किती जुनं असेल! कदाचित तुमच्या यजमानांच्या जन्माच्याही आधीचं. ते फोनवर अडकून पडलं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला फोनवर काही कळत नाही, पण शेजारी बसलं, तोंड दिसलं, हात हातात असला की बरंच कळतं.

येत्या रविवारी त्यांना सावईवेऱ्याला घेऊन जा. दुसरा कुठलाही बेत नको. मैत्रिणीच्या सुनेला आदल्या दिवशी फोन करून ठेवा, जेवणाचं काही करू नका असं बजावून सांगा. तिथे पोचलात की पाया पडा, चहा घ्या आणि उठा. तुम्ही तिथे बसून राहू नका. सुना समोर असल्या की सासवा मोकळं बोलत नाहीत, आणि तुमच्या सासूबाईंना बोलण्यासारखं इतक्या दिवसांचं साचलेलं असणार. दोघींना दोन तास द्या. मोबाईल पुढे धरून ‘धालोचं गाणं म्हणा बघू’ असंही करू नका. गायच्या असतील तर त्या आपणच गातील.

ते दोन तास तुमच्या चौघांचे. अनंताच्या देवळात जा. मग यजमानांना सांगा, तुम्ही लहानपणी कुठे फिरायचात ते मुलांना दाखवा. रविवारी झोपून राहणारा माणूस आपल्या कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वाटेवर कसा बदलतो ते बघाच. पोफळींवर चढलेली मिरवेल, बांधून काढलेले पाण्याचे पाट, केळीखालचा चिखल, कुठल्या वळणावर आपटलो होतो, कोणाचे पेरू चोरले होते, हे सगळं निघेल. मुलाने मोबाईल खिशात ठेवला नाही तर बोलू नका. त्या वाटेवर तो कधीतरी ठेवावाच लागतो, पाय घसरतो. परतताना डिकीत नारळ, अळू, फणसाची भिकणां (आठळ्या) असं काहीतरी पडलेलं असेलच. ते नाकारू नका, आणि जाताना तुम्हीही शहरातून मैत्रिणीसाठी काही आठवणीने न्या. थोडा वळसा पडला तरी म्हार्दोळवरून या. पावसाळ्यात तिथे रस्त्याकडेला जायांच्या (जाईच्या) माळा विकायला असतात. सासूबाईंना एक घ्या, तुम्हाला एक.

हे महिन्यातून एकदा व्हायला हवं. त्या पुन्हा बोलू लागतील असं मी छातीठोकपणे सांगत नाही, पण पुढच्या वेळेपर्यंत त्यांच्याकडे वाट पाहायला एक दिवस असेल. गॅलरीत बसणाऱ्या माणसाला तो लागतो.

राहिला एक रविवार, तो फिरायला ठेवा. कळंगुटचा नाद सोडा. सुट्टीच्या दिवशी तो किनारा बाहेरून आलेल्या लोकांचा असतो, आणि त्यांनी तो उपभोगावा. आपल्यासाठी नद्या आहेत. तुमच्यापासून सगळ्यात जवळची सहल म्हणजे बेतीची फेरीबोट. गाडी घरीच राहू द्या, बेतीला उतरा आणि फेरीने मांडवी ओलांडून पणजीत जा. पायी जाणाऱ्याला फेरीवर तिकीट नाही. पलीकडे आदिलशहाचा राजवाडा समोर दिसतो, उतरल्यावर गाडी कुठे लावायची ही कटकटच नाही. चालत कुठल्याही कॅफेत जाऊन भाजी-पाव खा, फोंताइन्यस या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून मळ्यापर्यंत फिरा, अंधार पडायच्या आत परत या. एवढ्यात एक संध्याकाळ सुखात जाते.

पाऊस जोराचा असेल तर रेईश मागूशच्या किल्ल्यावर जा, तो तुमच्या घरापासून लांब नाही. 1993 पर्यंत तिथे तुरुंग होता, 2012 पासून दुरुस्त होऊन लोकांसाठी खुला आहे. आत मारियो मिरांडांच्या चित्रांचं दालन आहे. पाव विकणारा, चर्चकडे निघालेल्या बायका, बल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) गप्पा मारणारे म्हातारे, कुत्री, कोंबड्या, सगळा गाव त्या रेघांत आहे. तुमच्या मुलीच्या वयाची मुलं अशा चित्रांसमोर बराच वेळ रमतात, एकेका चित्रात मोजण्यासारखी माणसं असतात.

अर्धा दिवस हाताशी असेल तर माझा आग्रह दिवाडी आणि नार्व्याचा. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली धक्क्यावर जायचं, फेरीने दिवाडीला उतरायचं. धक्क्यापासून गावाकडे जाणारा रस्ता खाजन शेतातून, म्हणजे नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतातून जातो. श्रावणात दोन्ही बाजूंना भात उभं असतं आणि बांधावर बगळे. एखाद्या बांधाच्या तोंडाशी थांबून मुलांना मानस दाखवा. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर पडावं म्हणून बसवलेली ती लाकडी दारं. नदीच्या पातळीवर शेती कशी होते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे उभं राहून पटकन समजतं. मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी फेरी, ती थेट नार्व्याला.

नार्व्याचा सप्तकोटेश्वर मुळात याच दिवाडी बेटावर होता. कदंब राजांचा तो देव. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, आणि लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेऊन स्थापन केलं गेलं. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधून घेतलं. 2023 मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला. देव ज्या नदीतून पलीकडे गेला तीच नदी तुमचा मुलगा फेरीच्या कठड्याला टेकून पार करणार. शाळेच्या धड्यात शिवाजी महाराज येतात ते रायगड-प्रतापगडावरचे. आपल्या गोव्यातल्या या जागेशी त्यांचा संबंध त्याला तिथे दीपस्तंभासमोर सांगा, आधी नको.

मुलाबद्दल आणखी एक. 13 वर्षांच्या मुलाला आई-वडिलांबरोबर फिरण्यात रस नसणं अगदी स्वाभाविक आहे. त्याला ओढू नका. त्याच्या एका मित्राला बरोबर घ्या. गाडीत जागा होत नसेल तर यजमानांनी दोन खेपा कराव्यात, पण मित्र हवा. दोघं असले की ते पुढे पळतात, भिजतात, भांडतात, भूक लागली म्हणून मागे येतात. दोन तास घरात न बोलणारं पोर तिथे ओरडताना ऐकू येतं. त्या मित्राची आई दारात मुलाला घ्यायला येईल, तेव्हा तिला आत बोलवा. इथेच तुमची एक नवी मैत्रीण होईल.

यजमानांवर रागावू नका. आठवडाभर पुलावरच्या वाहतुकीत जाऊन-येऊन माणूस दमतो. त्यांना रविवारी दुपारपर्यंत झोपू द्या, सगळे बेत तीननंतरचे ठेवा. सध्या श्रावणामुळे सकाळी मासळी बाजाराची फेरीही नाही, तेव्हा दुपारपर्यंतची झोप पुरी होईल. पाचवा रविवार आला तर तो सगळा त्यांचा.

चवथ आता जवळ आली आहे. तुम्ही गावच्या घरी जाणारच. या वर्षी माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान शेवटच्या दिवशी घाईने आणू नका, किंवा एकट्या यजमानांवर टाकू नका. म्हापशाला किंवा फोंड्याला माटोळीचा बाजार भरला की सासूबाईंना आणि मुलीला घेऊन जा. मुलीच्या हातात पिशवी आणि सासूबाईंच्या हातात पैसे द्या, तुम्ही मागे राहा. कांगलां, कवंडळां, माट्टीची फळं, सुपारीची शिपटी, आंबाडे, तोरिंगण: यांतलं कुठलं रानातलं, कुठलं परसातलं, कुठलं जून आणि कुठलं कोवळं, हे त्या घरात सासूबाईंएवढं कोणाला माहीत नाही. घागऱ्यांच्या शेंगा कानाजवळ नेऊन खुळखुळवायच्या असतात, हे त्या नातीला दाखवतील. विकायला बसलेल्या बायकांशी त्या भाव करू लागल्या की तुम्हाला ‘बरी आसा’च्या पुढचं बरंच काही ऐकायला मिळेल. त्यातली एखादी ओळखीच्या गावची निघते, आणि मग अर्धा तास हलायचं नाव नाही. घाई करू नका.

आणि दिवाळीच्या सकाळी तुमच्याकडे इमारतीतल्या लोकांना फोव खायला बोलवा. गावात त्या दिवशी घरोघर फिरून खातातच. दुधातले, ताकातले, गुळाचे, बटाट्याचे, एकेका घराने एकेक प्रकार करून आणला तर कोणावरच भार पडत नाही. तोपर्यंत तुमचे चार-पाच उघड्या दाराचे रविवार होऊन गेलेले असतील, तेव्हा कोणाला किती साखर लागते हेही कळलेलं असेल.

कोण आलं, कोण नाही, आपण किती वेळा गेलो, ते किती वेळा आले, याचा हिशेब ठेवू नका. काही माणसं यायला आळशी असतात आणि गेलात तर जीव ओवाळून टाकतात. त्यांच्याकडे आपणच जायचं. फोंड्याला एखादी शाळेची मैत्रीण असेल तर तिच्याकडे सावईवेऱ्याहून येताना वीस मिनिटं डोकावलात तरी पुरे. आधी एवढंच कळवा: ‘संध्याकाळी येते, उभ्या उभ्या.’ ती बसवून घेईल.

सावईवेऱ्याचा फोन आजच करा, कारण चवथीच्या तयारीत एकदा घरं गुंतली की मधे रविवार मिळणार नाही. आणि दिवाडीला जाल तेव्हा प्रत्येकाला वेगळी छत्री घ्या, फेरीवर आडोसा थोडाच असतो. मुलाच्या मित्रासाठीही एक जास्तीची असू द्या.